चादरीखाली

सिस्टरनी हिरवी चादर सरांच्या चेहऱ्यावर पसरली आणि तिच्यातलं गोल भोक उजव्या डोळ्यावर बरोबर बसवलं. भोकाच्या कडेची चिकटपट्टी त्यांनी कपाळावर, गालावर, नाकाच्या बाजूला दाबत नेली. नाकाशी त्यांचं बोट क्षणभर अडखळलं.

"सर, श्वासाला त्रास नाही ना होत?"

"नाही."

"आत नळी ठेवलीय. गार हवा येईल."

"कळतंय मला," सर म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

उभी हयात त्यांनी या चादरीच्या वरच्या बाजूला काढली होती. खालून ती कशी असते हे आज पहिल्यांदा कळत होतं. कापडाला सोड्याचा उग्र वास होता. डाव्या डोळ्यापुढे हिरवट अंधार, उजव्यापुढे मायक्रोस्कोपचा दिवा, तोही इतका प्रखर की त्याला काही आकारच उरला नव्हता. 'फार उजेड आहे हो, डॉक्टर,' असं पेशंट या वेळी हमखास म्हणायचे. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं असायचं: 'उजेड माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. गप पडून राहा.'

डोक्यामागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"सुरू करू, सर?"

"कर."

"दुखलं तर सांगा. खोकला येईलसं वाटलं तर आधी सांगा. बाकी बोलू नका, डोळा हलतो."

"मी बोलणार नाही."

 मग सिस्टरना राहवलं नाही. मास्कच्या आत हसू दाबलं की जो एक फुस्स आवाज होतो, तो झाला.

"मॅडम, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. उद्या कुणी खोटं म्हणालं तर मला साक्षीला बोलवा."

सरांनाही हसू आलं. चादरीखाली ते कुणाला दिसलं नाही.

सिस्टरचं काही चुकलं नव्हतं. डोळ्यांच्या या विभागात एके काळी सरांचं राज्य होतं. आधी सरांचा आवाज जिना चढतो आणि मग सर येतात, असं वॉर्डबॉय म्हणायचे. हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची. चिमटा जरा उशिरा हातात पडला की ती कात्री चालायची. ऑपरेशन फत्ते झालं की हातमोजे काढता काढता सर म्हणायचे, 'बघितलंत? असं करायचं असतं.' शिकाऊ डॉक्टरांना ते टोपणनावं द्यायचे, आणि ती अशी चिकटायची की आईबापांनी ठेवलेली मागे पडायची. आज स्टूलवर जी बसली होती तिचं नाव त्यांनी 'घाई' ठेवलं होतं. हात चपळ होता, पण विचाराच्या एक पाऊल पुढे धावायचा. एकदा भर ऑपरेशनमध्ये, सगळ्यांदेखत, सर तिला म्हणाले होते, 'ऊठ.' एवढंच. ती उठली, हातमोजे काढले, आणि वर्ष संपायच्या आत दुसऱ्या शहरात निघून गेली. सर निवृत्त झाल्यावर बऱ्याच काळानं ती परतली ती विभागाची प्रमुख होऊन.

सरांचा मोतीबिंदूही काही कालचा नव्हता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कधीपासून मागे लागल्या होत्या, दाखवून घ्या म्हणून. सर म्हणायचे, "डोळ्यांतलं मला जास्त कळतं की तुला?" कळत होतं, म्हणूनच ते टाळत होते. चादरीखाली जायचं म्हणजे कुणाच्या तरी हातात जायचं. इकडे भिंग पिकत गेलं, तपकिरी झालं, दगडासारखं टणक झालं. सरांनी एकदा चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि हट्टानं तो चहा अर्धा प्यायले, तेव्हा कुठे विषय निघाला. परदेशातला मुलगा फोनवर म्हणाला, इकडे या, इथे मोठी हॉस्पिटलं आहेत. सर म्हणाले, "कडक मोतीबिंदूत आपल्या 'घाई'सारखा हात आज कुणाचा नाही." हे वाक्य बाहेर काढताना त्यांना जड गेलं, पण ते निघालं. काकू हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

ते वाक्य निघालं त्यामागे काकूच होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं सकाळचं मौन होतं. उठल्यापासून ध्यान आटपेपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. खिडकीपाशी चटई टाकायच्या आणि डोळे मिटून बसायच्या, घरात काय चाललंय त्याची जणू त्यांना खबरच नसायची. सर मित्रांना सांगायचे, "आमच्याकडे दोघांत मिळून एकच तोंड आहे, आणि ते माझ्या वाट्याला आलंय." निवृत्तीनंतर ओरडायला माणूस उरलं नाही. घरात स्वतःचाच आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला. एक दिवस सरांनी मुकाट्यानं दुसरी चटई आणली आणि काकूंच्या शेजारी टाकली.

पहिले काही महिने नुसता तमाशा होता. तोंड बंद, पण हातवारे करकरून सरांनी कामवाल्या मावशींना इतक्या सूचना दिल्या की त्या भांडी अर्धवट टाकून काकूंना विचारायला आल्या, साहेबांना काही होतंय का. मग ते चिठ्ठ्या लिहायला लागले. मौन सुटल्यावर काकू म्हणाल्या, "हे मौन नव्हे, हे टपालखातं झालं." श्वासाबरोबर सोहम् म्हणायला त्यांनीच शिकवलं. आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हम्'. तो आणि मी वेगळे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. "तुमचा 'सो' काही ऐकू येत नाही," काकू म्हणायच्या. "'हम्' मात्र शेजाऱ्यांपर्यंत जातो."

सर चिडले नाहीत असं नाही. पण चटई गुंडाळून ठेवली नाही.

मग एका सकाळी ध्यान संपल्यावर त्यांनी खरंच विचारलं. "मी गप बसलो की आतला जास्तच बोलायला लागतो. मी असं केलं, मी तसं केलं असतं, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. त्याचं काय करायचं?"

काकूंनी शालीची घडी घालता घालता विचार केला.

"दारात कुणी आलं की आपण या, बसा म्हणतो. याला नुसतं 'आला' म्हणायचं. बस म्हणायचं नाही. हाकलायचंही नाही, हाकललं की तो भांडायला बसतो. उभा राहून राहून कंटाळतो आणि जातो."

"आणि नाही गेला तर?"

"तर राहू दे उभा. आपल्याला काय त्याचे पाय चेपायचेत?"

त्यानंतर सर रोज बसत राहिले. कधी जमायचं. बहुतेकदा नाही.

वर काम सुरू झालं होतं. दुखत काहीच नव्हतं, थेंबांनी डोळा बधिर झाला होता. कुणीतरी लांबून हात लावतंय असा भास, आणि पाणी. दिवा पाण्यात विरघळला. आधी गुलाबी झाला, मग निळा, मग त्या निळ्यात पांढऱ्या पाकळ्या उमलल्या आणि एकमेकींवरून सरकत गेल्या. सर थक्क होऊन बघत राहिले. आपण जन्मभर ज्यात हात घालत आलो ते आतून असं दिसतं, हे एकाही पेशंटनं आपल्याला कसं सांगितलं नाही? मग त्यांच्या लक्षात आलं, सांगत असतील.

कान मात्र जुनेच होते. पायाखालचं पॅडल थोडं दाबलं की नुसतं पाणी वाहतं, आणखी दाबलं की मशीन ओढायला लागतं, पूर्ण दाबलं की सुईचं टोक थरथरून भिंगाचे तुकडे करतं, आणि प्रत्येक टप्प्याला मशीनचा सूर वेगळा असतो. सर चादरीखाली पडून तो सूर ऐकत होते. चर पडली. दोन भाग झाले. आता पहिला तुकडा. हां. दुसऱ्याला जरा जास्तच घाई...

आला, सर मनात म्हणाले.

परीक्षक आला होता. सरांनी त्याला बस म्हटलं नाही. श्वास आत गेला, बाहेर आला. थोड्या वेळानं तोच परत आला, या खेपेला कौतुक घेऊन. पोरगी तयार झाली हं, आपल्या हाताखालची म्हटल्यावर होणारच. आला. तोही उभा राहिला. पाणी वाहत होतं, पाकळ्या सरकत होत्या.

शेवटच्या तुकड्यापाशी ते झालं. मशीनचा सूर चढत गेला, चढत गेला, आणि अडकलेलं काहीतरी झटक्यात मोकळं व्हावं तसा एकदम खाली पडला. सरांच्या डोळ्यापुढचा उजेड कुणी आत ओढल्यासारखा खोल गेला आणि परत वर आला.

सरांना कळलं. भिंग ज्या पिशवीत असतं तिची मागची बाजू कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते. ती फाटली होती.

वर सगळं थांबलं. पाण्याचा आवाज तेवढा चालू होता.

अशा वेळी कोणताही हात एकच गोष्ट करू बघतो: दचकून सुई बाहेर काढतो. सुई बाहेर आली की डोळ्यातला दाब जातो, मागचा पारदर्शक गर फाटीतून पुढे धावतो, उरलेला तुकडा मागे जाऊन पडद्यावर पडतो, आणि मग नजर राहिली तर नशीब. सर अशा वेळी शिकाऊ डॉक्टरांच्या अंगावर ओरडायचे, 'काढू नको!' त्या ओरडण्यानंच कितीतरी हात दचकले असतील, हे त्यांना त्या वेळी कधी सुचलं नव्हतं.

तेच दोन शब्द आता त्यांच्या घशाशी येऊन उभे राहिले. ओठ सुटले. जीभ टाळूला लागली.

आणि ते एकटे आले नव्हते. बरोबर कारणं घेऊन आले होते. डोळा तुझा आहे. तू नाही सांगितलंस तर कोण सांगणार? तिच्याच भल्याचं आहे. ही घाई आहे, काढेल ती. हा रोजचा बढाईखोर नव्हता. वैद्य, गुरू, पेशंट, सगळे एकदम दारात येऊन उभे होते, आणि प्रत्येकाचं म्हणणं रास्त होतं. त्यातला खरा कोण, हे सरांना ठरवता येईना. एवढंच दिसत होतं की बोललं की जबडा हलेल, जबड्याबरोबर डोळा हलेल, आणि वरच्या हाताला कळेल की खाली एक माणूस आपल्यावर भरवसा न ठेवता जागा आहे.

'आला' म्हणायलाही सवड नव्हती. सरांनी नुसता श्वास सोडला.

आणि तो पूर्ण बाहेर गेल्यावर दारात कुणी नव्हतं.

त्यांनी कुणाला घालवलं नव्हतं. दाबलंही नव्हतं. पाणी ठिबकत होतं. बाहेरच्या बोळातून एक ट्रॉली गेली, तिचं एक चाक करकरत होतं. भीती होती, पण तीही त्या ट्रॉलीसारखी बोळातून चालली होती, आत येत नव्हती. निळा उजेड होता. एक डोळा होता, एक हात होता, दोघांच्या मध्ये पाणी होतं. काही बोलावं अशी गरज असलेलं चादरीखाली कुणी उरलं नव्हतं. इतकी वर्षं चटईवर बसून जे सापडलं नव्हतं ते इथे, सोड्याच्या वासात, न बोलावता आलं होतं.

"सिस्टर," वरून आवाज आला. घरात तान्हं मूल झोपलेलं असताना बोलावं तसा. "जेल द्या. डाव्या हातात."

पाणी चालूच होतं. सुई आतच होती.

सिस्टरच्या हातून ट्रेवर काहीतरी खणकन वाजलं. त्या जुन्या होत्या. पिशवी फाटल्याचं त्यांनाही कळलं होतं, आणि चादरीखालून आता काय येणार या धास्तीनं त्यांचा श्वास अडकला होता. खालून काहीच आलं नाही. डोळ्यात भरून दाब टिकवायच्या जेलची सिरिंज त्यांनी पुढे केली.

"भरलं. आता पाय काढते," ती स्वतःशीच म्हणाली. पाण्याचा आवाज थांबला. "आता सुई." मग म्हणाली, "तुकडा इथेच आहे. बरं झालं."

मग दुसरं यंत्र सुरू झालं, बारीक, भरभर टिकटिकणारं. पुढे आलेला गर कापून काढायचं. ते बराच वेळ चाललं. तिनं मध्ये दोनदा आणखी थेंब घातले, एकदा 'दुखतंय का' विचारलं, सरांनी 'नाही' म्हटलं. घाईचं कुठे नाव नव्हतं. "दुसरी लेन्स काढा, मोठी," ती म्हणाली. थोड्या वेळानं उजेडात एक सावली सरकत आली, फुलासारखी उलगडली, स्थिर झाली, आणि निराकार पसरलेल्या त्या उजेडाला पहिल्यांदा काठ आला.

सरांच्या डोळ्याला पाणी आलं असतं, पण तिथे आधीच पुष्कळ पाणी होतं.

"झालं, सर."

चादर सिस्टर काढतात, पण ती तिनं स्वतः काढली. चिकटपट्टी तिनं कडेकडेनं, हळूहळू सोडवली. 

"थोडी गुंतागुंत झाली. मागची बाजू फाटली. गर साफ केलाय, तुकडा पूर्ण काढलाय, लेन्स पिशवीच्या पुढे बसवलीय. नीट बसलीय." ती थांबली. "तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग?"

"मग काय?" सर म्हणाले. "तू होतीस ना."

तिनं डोळ्यावर पट्टी ठेवली आणि वरचा पुठ्ठा चिकटवताना त्याची प्रत्येक कड दोनदा दाबली.

घरी आल्यावर सर उशीला टेकून बसले. काकूंनी चहा करून त्यांच्या हातात दिला, साखर त्यांनीच घातली. बाहेर संध्याकाळ होत होती. सरांनी सगळं सांगितलं: सूर कसा चढला, कसा पडला, घशाशी काय आलं. ते शांत क्षण सांगायची वेळ आली तेव्हा त्यांना शब्द सापडेनात, आणि त्यांनी नुसता हात हलवला. काकूंनी मान डोलावली, जणू तेवढ्यात पोचलं.

"एक शब्द बोललो नाही मी," सर म्हणाले. "दुसरा कुणी असता तर ओरडला असता. मी म्हणून..."

"आला," काकू म्हणाल्या.

सर हसले. डोळ्याला ताण नको म्हणून त्यांनी हसू आवरलं, पण पोट हलत राहिलं. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "नाही, पण एक आहे. सुई आत ठेवून डाव्या हातानं जेल. मी हेच सांगत आलो. तेव्हा ओरडून सांगितलं असेल, पण गेलं ना आत? ऐन वेळी उपयोगी पडलं. शेवटी विद्या वाया जात नाही."

हे बोलताना त्यांचा चेहरा असा निवलेला होता की काकूंनी पुढे आलेला शब्द गिळला आणि रिकामा कप उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या खोलीत तिनं पट्टी काढली. सरांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

आधी तिचा चेहरा दिसला. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, डोळ्यांखाली जागरणाची रेघ होती. रात्री तिला झोप लागली नसावी. तिचा कोट पांढरा होता, म्हणजे खरंच पांढरा. सरांनी स्वतःचा हात डोळ्यापुढे धरला आणि त्यावरच्या निळ्या शिरा बघितल्या. मग खुर्चीवर बसलेल्या काकूंकडे वळले.

"ही शाल निळी आहे?"

"पहिल्यापासून."

"मला वाटायचं, मातकट आहे."

"म्हणून तर तुम्ही कधी चांगली म्हणाला नाहीत."

सरांना बरंच काही बोलायचं होतं.  कुणाकुणाचे आभार मानायचे याची मनात एकच गर्दी झाली, दिव्याचे, पाण्याचे, या दोन बायकांचे, सोड्याचा वास येणाऱ्या त्या चादरीचे. त्यांनी एवढंच म्हटलं:

"दिसतंय."

"हनुवटी इथे टेका," ती म्हणाली. सरांनी यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकली. तिनं बराच वेळ बघितलं, लेन्स जागेवर होती, दाब ठीक होता. मग दाराशी घोटाळणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना तिनं आत बोलावलं. कालची गोष्ट विभागभर झाली होती. फाटलेल्या पिशवीची नव्हे. फाटली आणि सर गप राहिले याची. सिस्टर साक्षीदार म्हणून फिरत होत्या.

"सर, मुलांना थोडं सांगा ना," ती म्हणाली. "पिशवी फाटली की काय करायचं. तुमच्याकडून ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहील."

सगळे पुढे सरकले. एका मुलीनं पेनाचं टोपण काढलं. खोलीत ती जुनी शांतता पसरली, सर बोलायला लागण्याआधी पसरायची ती. सरांनी ती ओळखली.

"मी काय सांगणार?" ते म्हणाले. "मी चादरीखाली होतो. ज्या वर होत्या त्यांना विचारा."

मुलं हसली. ती हसली नाही. सरांनी तिला 'होत्या' म्हटलं होतं.

तिनं क्षणभर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मुलांकडे वळली.

"फाटलं की आधी काहीच करायचं नाही," ती म्हणाली. "पाय तिथेच, हात तिथेच. एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्यायचा. डोळ्याला आपल्यासारखी घाई नसते. पाणी चालू असेपर्यंत तो वाट बघतो. श्वास गेला की मग डावा हात, मग जेल, मग पाय, आणि सुई सगळ्यांत शेवटी. हे मला तिकडच्या शहरात एका बाईंनी शिकवलं. मी इथून गेले तेव्हा सुई हातात धरवत नव्हती. त्यांनी मला कितीतरी दिवस ऑपरेशन करू दिलं नाही. शेजारी बसवायच्या आणि म्हणायच्या, माझा श्वास ऐक. माझ्या हातून काही चुकलं की त्या बोलायच्याच नाहीत, फक्त हळू श्वास सोडायच्या, मला ऐकू येईल असा. काल मी तेच केलं." ती सरांकडे बघून जरा थबकली. "खरं सांगायचं तर काल तो श्वास आधी खालून ऐकू आला. मग मी सोडला."

पेनवाली मुलगी भराभर लिहीत होती. बाकीच्यांनी चोरून सरांकडे बघितलं.

 काल संध्याकाळपासून मनात एक गोष्ट सरांनी ऊब घेत सांभाळली होती. ती त्यांची नव्हती. कुठल्यातरी शहरातल्या, कधी न पाहिलेल्या बाईंची होती. त्या बाईंनी एका घाबरलेल्या पोरीला शेजारी बसवलं होतं, आणि तिथून चालत चालत ते त्यांच्या डोळ्यापर्यंत आलं होतं. आत कुठे काही दुखतंय का, हे सरांनी बघितलं. बघायला थोडा वेळ लागला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"त्या आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहेत. थकल्यात. आता ऑपरेशन करत नाहीत."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

"सांगते, सर. त्यांना फार आनंद होईल. त्या तुमचं नाव ऐकून आहेत."

"नाव नको," सर म्हणाले. "एका पेशंटचा म्हणा."

आणि मुलांना नीट बघता यावं म्हणून त्यांनी हनुवटी पुन्हा पट्टीवर टेकली.